फुकटचे कुलूप



तुमचा बँकेशी मोबाइलवरून जो गुप्त व्यवहार चालतो, त्याचे कुलूप जगात पुष्कळ ठिकाणी 'ओपन एसएसएल' नावाच्या भांडारातून आलेले असते. भांडार म्हणजे तयार प्रोग्रॅमांचा साठा. प्रत्येक कारखान्याने नटबोल्ट स्वतः पाडीत बसू नये, बाजारातून आणावेत, तसाच हा प्रकार. फक्त हे नटबोल्ट फुकट मिळतात.

मार्च २०१२ मध्ये या भांडारात एक लहानशी सोय आली. पलीकडचे यंत्र जागे आहे ना, हे विचारायची. विचारणाऱ्याने एक शब्द पाठवायचा, त्यात अक्षरे किती तेही कळवायचे. पलीकडच्याने तेवढीच अक्षरे परत करायची. आता एखाद्या लबाडाने अक्षर पाठवले एक आणि सांगितली ६४ हजार, तर? कारकून असता तर त्याने आधी मोजून पाहिले असते. इथे मोजणीच नव्हती. यंत्राने ते एक अक्षर घेतले आणि बाकीची भरती शेजारी स्मृतीत जे पडले होते त्यातून केली. त्यात कुणाचा पासवर्ड येई, कुणाचे पत्र, कधी खुद्द कुलपाची किल्ली! आणि नोंदवहीत चोरीची खूण नाही.

जाणकार इथे भेद करतात. नेमल्या जागेबाहेर लिहिले गेले, तर तो बफर ओव्हरफ्लो. १९८८ साली अमेरिकेत मॉरिस नावाच्या विद्यार्थ्याने सोडलेला किडा ज्या वाटांनी शिरला त्यांतली ही एक. इथे बाहेरचे वाचले गेले. पण दोन्हींचे मूळ एकच. 'सी' ही भाषा जागा मोजून देत नाही. ते काम लिहिणाऱ्यावर सोडते.

७ एप्रिल २०१४ रोजी हा दोष 'हार्टब्लीड' या नावाने जाहीर झाला. कॅनडाच्या करखात्यातून सुमारे ९०० नागरिकांचे सामाजिक विमा क्रमांक चोरीला गेले. दुरुस्ती काय होती? कळवलेली लांबी आलेल्या मजकुराहून जास्त असेल तर उत्तर देऊ नये, एवढी तपासणी.

वृत्तपत्रांनी लगेच तो मजकूर लिहिणाऱ्या तरुणाचे नाव काढले. ही रीत मला चांगली ओळखीची आहे. बॉयलर फुटला की साहेब पहिल्यांदा फायरमनचे नाव विचारतो. पाळीवर माणसे किती होती हे विचारायला युनियनच लागते. तर विचारू या. त्या तरुणाचे काम दुसऱ्याने तपासले होते, त्याच्याही नजरेतून चूक सुटली. साऱ्या भांडारावर पूर्ण वेळ राबणारा माणूस एक. देणग्या वर्षाला सुमारे २,००० डॉलर! आणि त्या कुलपावर अब्जावधींचा धंदा करणाऱ्या कंपन्या किती, ते मोजायलाही नको.

कोणी म्हणेल, ते स्वखुशीने काम करीत होते, तक्रार कसली? स्वखुशी मान्य. पण ज्याचा माल विकत नाही त्याला भाव मागता येत नाही, आणि मालकच नसेल तर संप करायचा कोणासमोर? आमच्या धंद्यातली सगळी हत्यारे इथे बोथट होतात, हे मी मोकळेपणाने सांगतो.

बोभाटा झाल्यावर त्याच एप्रिलात लिनक्स फाउंडेशनने निधी उभारला. गूगल, मायक्रोसॉफ्ट, इंटेल, फेसबुक वगैरे कंपन्यांनी तीन वर्षे, दरवर्षी किमान १ लाख डॉलर देण्याचे कबूल केले, आणि त्यातून ओपन एसएसएलला दोन पूर्ण वेळ माणसांचा पगार मिळाला. डिसेंबर २०२१ मध्ये 'लॉग फोर जे' या दुसऱ्या भांडारात मोठे भगदाड सापडले. दोष वेगळ्या जातीचा होता. सांभाळणारे मात्र पुन्हा आपली नोकरी करून उरल्या वेळात राबणारे मूठभर स्वयंसेवक होते.