राज्यकारभार आणि माणसाचे मन
(परीक्षेला बसणाऱ्या विद्यार्थ्यांपुढे केलेले भाषण)



उत्सवाच्या दिवशी परीक्षेचा विषय काढणे हे मास्तरांनाच शोभते! पण ट्रस्टच्या अभ्यासिकेत संध्याकाळी जी मुले-मुली बसतात, त्यांची अडचण मोठ्या मंडळींच्या कानावर घालण्यास याहून बरी वेळ आम्हांस सापडली नसती.

केंद्रीय लोकसेवा आयोगाच्या मुख्य परीक्षेत २०१३ पासून सामान्य अध्ययनाचा चौथा पेपर आला. गुण २५०, वेळ तीन तास. त्यातला एक भाग असा आहे: माणसाची अभिवृत्ती कशी बनते, तिचा विचारांशी व वर्तनाशी संबंध काय, राजकीय व नैतिक अभिवृत्ती म्हणजे काय, समाजाचा दाब माणसावर कसा पडतो आणि लोकांचे मन वळवतात कसे. राजकारण आणि मानसशास्त्र यांची गाठ पडते ती ही जागा. आमची हुशार मुले नेमकी इथेच अडतात. घटनेची कलमे पाठ होतात. मनाची कलमे छापलेली नसतात. मग ती बाजारातल्या चोपड्यांतून व्याख्या उतरवून घेतात, आणि सगळ्यांच्या उत्तरपत्रिका एकाच साच्यातून काढल्यासारख्या दिसतात.

सर्वसाधारण गटातील उमेदवारास वयाच्या ३२ व्या वर्षापर्यंत सहा वेळा आणि इतर मागासवर्गीयांस ३५ पर्यंत नऊ वेळा बसता येते. आकडा उदार आहे खरा. पण ज्या घरात एक मुलगा अभ्यासाला बसला म्हणजे धाकट्याला दुकानात बसावे लागते, त्या घराला नऊ वर्षे कशी परवडणार? मुलींच्या बाबतीत तर दोन वर्षांतच पाहुणे येऊ लागतात. म्हणून वाट चुकायला वाव नाही, एवढेच आमचे म्हणणे.

आता एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. १५ जानेवारी १९३४ रोजी बिहारात प्रचंड भूकंप झाला. (याच भूकंपावरून गांधीजी आणि रवींद्रनाथ यांच्यात वाद झाला. अस्पृश्यतेच्या पापाचे हे शासन, असे गांधीजी म्हणाले आणि कविवर्यांनी त्यास जाहीर हरकत घेतली. नीतिशास्त्राच्या पेपराला बसणाऱ्याने तो वाद मुळातून वाचावा.) त्या दिवसांत जमुना प्रसाद नावाच्या मानसशास्त्रज्ञांनी लोकांत फिरणाऱ्या अफवा टिपून ठेवल्या. ज्यांना धक्का जाणवला पण ज्यांचे घरदार शाबूत राहिले, अशा लोकांतल्या या अफवा. पाटण्यावर चक्रीवादळ येणार, ग्रहणाच्या दिवशी पुन्हा भूकंप होणार, अशा प्रकारच्या. पुढे १९५० साली दार्जिलिंगला दरडी कोसळल्या. तिथे लोकांनी डोळ्यांदेखत नाश पाहिला होता. दुर्गानंद सिन्हा यांनी तिथल्या अफवा तपासल्या, तेव्हा पुढच्या संकटाच्या अशा अफवा त्यांना आढळल्या नाहीत.

हे कोडे अमेरिकेतील लिऑन फेस्टिंजर यांच्या मनात घोळत राहिले. आधीच घाबरलेला माणूस आणखी भीतीची गोष्ट का पत्करतो? त्यांना उत्तर सुचले ते असे की, भीती तर पोटात आहे, पण भोवताली पाहावे तर काहीच मोडलेले नाही. हा मेळ बसत नाही, आणि बेमेळ मनाला सोसत नाही. मग मन भीतीला साजेशी बातमी शोधते. १९५७ साली त्यांनी या विचारावर ग्रंथ लिहिला आणि तो जगभर गाजला. पाटणा-दार्जिलिंगची ही सामग्री त्याच्या मुळाशी आहे, हे आमच्या मुलांना कोणी सांगत नाही. ती ‘बोधात्मक विसंवाद’ हा शब्द घोकतात आणि पुढे जातात.

आता हेच परीक्षेच्या कामी लावून पाहा. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यात राईनपाडा येथे मुले पळवणारी टोळी समजून जमावाने पाच जणांना ठार मारले. भिक्षा मागून पोट भरणारी भटक्या समाजातली गरीब माणसे होती ती. मुले पळवणाऱ्यांच्या अफवा त्या काळात भ्रमणध्वनीवरून गावोगाव पसरल्या होत्या. तुम्ही त्या जिल्ह्याचे अधिकारी असता, तर काय केले असते? ‘अफवांवर विश्वास ठेवू नका, अशी दवंडी पिटली असती’, असे दहांपैकी नऊ मुले लिहितात. पण फेस्टिंजर समजलेला मुलगा आधी विचारील, की या गावकऱ्यांच्या पोटात भीती कसली आहे? ती भीती तशीच ठेवून नुसती बातमी खोटी ठरवली, तर मन दुसरी बातमी शोधून काढील. म्हणून शाळेच्या वाटेवर पोलीस दिसला पाहिजे, ज्यांचा शब्द गाव मानते अशा माणसांनी पुढे होऊन बोलले पाहिजे, आणि फिरस्त्या लोकांची गावाशी ओळख आधीच करून दिलेली असली पाहिजे. आमच्या मते हे उत्तर आहे. दवंडी ही त्याची शेवटची ओळ.

दुसरे उदाहरण थोडक्यात. ट्वर्स्की आणि कानेमान यांनी १९८१ साली एक प्रश्न प्रसिद्ध केला. साथीत ६०० माणसे मरण्याचा संभव आहे. एका उपायाने २०० नक्की वाचतील. दुसऱ्याने सगळे वाचण्याचा संभव तीनांत एक, नाहीतर कोणीच नाही. शंभरांत ७२ जणांनी पहिला उपाय निवडला. मग तीच गोष्ट ‘४०० नक्की मरतील’ अशा शब्दांत दुसऱ्या गटास विचारली, तर ७८ जण जुगाराकडे वळले. हिशेब तोच, फक्त बोली फिरली! निवडणुकीतील भाषणे आणि सरकारी जाहिराती यांना हे सूत्र लावून पाहण्याचा नाद आम्ही मुलांना लावला आहे. त्यात त्यांना मौज वाटते, आणि कोणत्या पक्षाचे भाषण आहे हे आम्ही मुद्दाम झाकून ठेवतो.

भाषेबद्दल पालक नेहमी विचारतात. उत्तरे मराठीत लिहिता येतात. मात्र प्रश्नपत्रिका हिंदी आणि इंग्रजीतच येते. आपल्या सीमाभागातल्या मुलाला याचे भय वाटू नये. आमच्याच घरी उर्दू, शाळेत मराठी, कचेरीत कन्नड. तीन भाषांतून रोज ये-जा करणाऱ्याला आणखी एका दाराची काय मातब्बरी? प्रत्येक संज्ञा इंग्रजीत ओळखावी आणि मराठीत समजावून सांगता यावी, एवढे केले म्हणजे पुरे. शेजारच्या आजीला जी संज्ञा सांगता येत नाही, ती अजून आली नाही असे समजावे.

या पेपराचे जवळजवळ निम्मे गुण प्रसंग देऊन विचारलेल्या प्रश्नांना असतात. तेव्हा येत्या रविवारपासून सकाळी नऊ वाजता अभ्यासिकेत दर आठवड्याला एक प्रसंग घेऊ. वृत्तपत्रातील कात्रण मुलांनी आणावे. आधी वीस मिनिटे लिहिणे, मग वाचणे, मग भांडणे. विश्वस्तांनी खालचे दालन दुपारपर्यंत मोकळे ठेवण्याचे कबूल केले आहे. ज्यांना सरकारी नोकरीचा अनुभव आहे, अशा निवृत्त मंडळींनी महिन्यातून एकदा तरी येऊन बसावे. मुलांच्या उत्तरांतले कोणते प्रत्यक्षात चालेल, हे त्यांनाच सांगता येईल. चहाची सोय आम्ही पाहतो.