एकमेकांस जामीन राहणाऱ्या डिस्का



चालकांनी पत्रिकेवर माझा विषय 'सर्व्हरमध्ये रेड कार्ड बसविणे' असा छापला, आणि गेल्या चार दिवसांत दोन गृहस्थांनी मला वाटेत थांबवून विचारले की, ही धाड पोलिसांची की प्राप्तिकर खात्याची? तिसरे गृहस्थ फुटबॉलचे शौकीन. त्यांची समजूत अशी की, खेळाडूला मैदानाबाहेर घालविण्यासाठी पंच जे लाल पत्र दाखवतो, त्याविषयी मी बोलणार. या तिघांचीही आज निराशा होणार आहे. काल याच व्यासपीठावरून आपण संतवाङ्मयावर ऐकलेत. त्यानंतर एकदम पंख्यांचा आवाज करणाऱ्या लोखंडी पेटीकडे वळणे जरा विचित्र वाटेल, हे मी जाणून आहे. पण आपला सात-बाराचा उतारा, पतपेढीतले खाते, मुलांच्या गुणपत्रिका हे सारे आज अशाच कोणत्या तरी पेटीतल्या डिस्कांवर लिहिलेले असते. ती डिस्क मेली तर काय, हा प्रश्न निव्वळ तंत्रज्ञांचा उरलेला नाही.

आणि डिस्क मरते. मिनिटाला सात हजारांहून अधिक फेरे घेणारी तबकडी आणि तिच्यावर केसाच्या जाडीहून कितीतरी कमी अंतरावर तरंगणारे वाचनशीर्ष, असे ते यंत्र आहे. ते एवढे टिकते याचेच नवल वाटावे.

यावर उपाय काय? एक साधा हिशेब सांगतो. तीन वह्यांत मी ४, ७ आणि ५ असे आकडे लिहिले आणि चौथ्या वहीत त्यांची बेरीज १६ लिहून ठेवली. उद्या दुसरी वही उंदराने खाल्ली, तर १६ मधून ४ आणि ५ वजा करावेत. हरवलेले ७ परत मिळाले. बेरजेची वही गेली तर बेरीज पुन्हा करावी. कोणतीही एक वही जावो, माहिती जात नाही. यंत्र बेरजेऐवजी सम-विषमाचा हिशेब ठेवते, पण तत्त्व हेच. गावाकडे कर्ज काढताना चार शेतकरी एकमेकांस जामीन राहतात, तशा या डिस्का एकमेकींस जामीन राहतात. मात्र एकाच वेळी दोन वह्या गेल्या, तर ही बेरीज कुचकामी ठरते. हे वाक्य लक्षात ठेवावे. पुढे मला त्याची गरज पडणार आहे.

ही कल्पना अगदी नवी म्हणता येत नाही. १९७८ साली आयबीएमच्या नॉर्मन ओउची यांना याच जातीच्या युक्तीचे पेटंट मिळाले होते. पण तिला नाव आणि शास्त्र दिले ते कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या बर्कले येथील डेव्हिड पॅटरसन, गार्थ गिब्सन आणि रँडी कॅट्झ या तिघांनी, १९८८ साली. त्या काळी मोठ्या संगणकांना कपाटाएवढ्या, अत्यंत महाग डिस्का लागत. या तिघांनी विचारले, घरगुती संगणकांतल्या लहान, स्वस्त डिस्का पुष्कळशा एकत्र जोडल्या तर? वेग वाढेल, पैसा वाचेल. पण लगेच त्यांनी स्वतःच अडचण मांडली. एक डिस्क सरासरीने ३०,००० तास चालते असे धरले, तर शंभर डिस्कांच्या ताफ्यातली पहिली डिस्क सरासरी ३०० तासांत, म्हणजे दोन आठवड्यांच्या आतच मरेल. म्हणून जामिनाची गरज. त्यांनी या व्यवस्थेचे पाच प्रकार क्रमांक लावून सांगितले आणि नाव दिले 'रेड'. त्यातले एक अक्षर मुळात 'स्वस्त' या अर्थाचे होते. पुढे उद्योगाने ते बदलून 'स्वतंत्र' असा अर्थ लावला. स्वस्त म्हणून महाग माल विकणे कठीण, हे व्यापारी लोकांना कोणी शिकवावे लागत नाही. पण या 'स्वतंत्र' शब्दाशी माझे भांडण आहे; त्याकडे मी शेवटी येईन.

आता कार्डाकडे. हा सगळा हिशेब सर्व्हरच्या मुख्य प्रोसेसरलाही करता येतो आणि पुष्कळ ठिकाणी तो उत्तम करतो. परंतु जिथे वेगळा कंट्रोलर घेतात, तिथे ते तळहाताहून थोडे मोठे कार्ड असते. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची स्मृती असते. बसवताना सर्व्हरच्या दोन्ही वीजपुरवठ्यांच्या वायरी काढाव्यात. एकच काढून काम सुरू करणारे वीर मी पाहिले आहेत. मनगटाला स्थिर विजेचा पट्टा बांधावा. कार्ड ज्या खाचेत बसवायचे तिची लांबी पाहून फसू नये. काही खाचा दिसतात लांब, पण आतल्या वाहिन्या निम्म्याच जोडलेल्या असतात. कार्डावरचा धातूचा उष्णताशोषक चांगलाच तापतो. सर्व्हरमधल्या जोरदार वाऱ्याच्या भरवशावर त्याची रचना असते. तेच कार्ड साध्या संगणकाच्या पेटीत, वारा नसलेल्या कोपऱ्यात बसवले की ते उकडून निघते, आणि मग विनाकारण डिस्का 'गेल्या' म्हणून ओरडू लागते.

यानंतर केबली. आणि इथे मी हात जोडून विनंती करतो की, कोणत्या केबलीवर कोणती डिस्क आहे याच्या चिठ्ठ्या त्याच दिवशी चिकटवा. प्रत्येक डिस्कचा अनुक्रमांक कागदावर लिहून तो कागद पेटीच्या आत ठेवा. हे कुणीही करीत नाही. मीही करीत नसे.

सर्व्हर सुरू झाला की ठरावीक कळ दाबून कार्डाच्या मांडणीच्या पडद्यावर जाता येते. तिथे पहिला प्रश्न प्रकाराचा. सहा डिस्का, प्रत्येकी चार टेराबाइटची, असे समजू. पाचव्या प्रकारात एका डिस्कइतकी जागा जामिनाला जाते आणि वीस टेराबाइट हाती राहतात. सहाव्यात दोन डिस्कांइतकी जाते, सोळा राहतात, पण दोन डिस्का मेल्या तरी चालते. जोडीजोडीने प्रती ठेवल्या तर बाराच राहतात, मात्र लिहिण्याचा वेग चांगला मिळतो. शून्य क्रमांकाच्या प्रकारात जामीन कोणीच नसतो. त्याचे नाव अगदी योग्य ठेवले आहे.

दुसरा प्रश्न जास्त नाजूक आहे आणि त्याच्याकडे फार थोडे लोक लक्ष देतात. तो म्हणजे लिहिण्याच्या धोरणाचा. सर्व्हर कार्डाला म्हणतो, 'एवढे लिही.' कार्ड ते स्वतःच्या स्मृतीत ठेवते आणि लगेच उत्तर देते, 'लिहिले.' वास्तविक डिस्कवर अजून एक अक्षरही उमटलेले नसते. एखाद्या कारकुनाने अर्ज टेबलाच्या खणात टाकावा आणि पोच मात्र देऊन मोकळे व्हावे, तसला हा प्रकार. याने वेग विलक्षण वाढतो. पण मध्येच वीज गेली तर? आपल्या गावांत हा प्रश्न काल्पनिक नाही. म्हणून कार्डाला बॅटरी असते. नव्या कार्डांत मोठा संधारक असतो. वीज जाताच तो खणातले कागद न पुसल्या जाणाऱ्या स्मृतीत उतरवून ठेवण्याइतका वेळ देतो. बॅटरी दोन-चार वर्षांत थकते. शहाणे कार्ड ती थकल्याचे पाहून आपले धोरण बदलते आणि अक्षर डिस्कवर उमटल्यावरच 'लिहिले' म्हणते, सर्व्हर मंदावतो. मग लोक चिडतात, कोणी तरी मांडणीत जाऊन 'बॅटरी असो वा नसो, लगेच पोच दे' असा पर्याय निवडतो, वेग परत येतो आणि त्याची पाठ थोपटली जाते. पुढच्या वादळी पावसापर्यंत सगळे सुखात असतात.

राहिलेले पर्याय मी भराभर सांगतो. एक डिस्क राखीव ठेवावी, म्हणजे मध्यरात्री एखादी मेली तर कार्ड माणसाची वाट न पाहता तिची जागा भरते. धोक्याचा निरोप माणसापर्यंत पोचेल अशी सोय करावी; बंद खोलीत भोंगा वाजून उपयोग नाही. आणि गस्त चालू ठेवावी. कार्ड फावल्या वेळी सगळ्या डिस्का पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचून पाहते, वाचता न येणारी जागा सापडली की इतर डिस्कांच्या साहाय्याने ती दुरुस्त करते. हिलाच मी गस्त म्हणतो. ती बंद असली तर काय होते, हे मला पुस्तकातून शिकावे लागले नाही.

बारा-तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. एका जुन्या ग्रंथालयाने एका साप्ताहिकाच्या अनेक वर्षांच्या अंकांची छायाचित्रे काढून सर्व्हरवर ठेवली होती. पाचवा प्रकार, सहा डिस्का. एक डिस्क मेल्याचे कळले म्हणून मी गेलो. पडद्यावर लिहिले होते, 'डिस्क ३'. मी पेटीवरच्या पट्टीवर तिसरी डिस्क पाहिली आणि ओढून काढली. पट्टी एकपासून मोजत होती, कार्ड शून्यापासून. मी काढली ती जिवंत डिस्क होती. एक मेलेली, एक माझ्या हातात: दोन वह्या गेल्या. त्या क्षणी खोलीत जी शांतता पसरली ती मला अजून ऐकू येते. ग्रंथपालबाई मागे उभ्या होत्या. त्या काही बोलल्या नाहीत.

डिस्क परत बसवून सर्व्हर चालू केल्यावर कार्डाने विचारले की, ही परकी मांडणी दिसते. स्वीकारू की पुसून टाकू? या प्रश्नाला घाबरलेल्या माणसाने चुकीचे उत्तर दिल्याची उदाहरणे पुष्कळ आहेत. मी पाणी प्यालो, पुस्तिका दोनदा वाचली आणि 'स्वीकार' निवडले. सगळे परत आले. मेलेल्या डिस्कच्या जागी नवी बसवली, पुनर्रचना सुरू झाली, आणि आता मात्र गस्त बंद असल्याचे फळ पुढे आले. उरलेल्या पाचांपैकी एका डिस्कवर काही जागा केव्हापासून वाचता येत नव्हत्या, आणि जामीन तर त्या वेळी कोणी शिल्लक नव्हता. कार्डाने तेवढ्या जागी खूण करून पुढचे काम पुरे केले. सतरा पाने गेली. मूळ अंक? छायाचित्रे काढतानाच त्यांचे तुकडे पडले होते आणि गठ्ठा रद्दीत गेला होता. 'आता आपल्याकडे रेड आहे' असे त्या वेळी कोणी तरी म्हणाले होते म्हणे.

इथेच 'स्वतंत्र' या शब्दाशी माझे भांडण सुरू होते. २००७ साली बियांका श्रोडर आणि त्याच गार्थ गिब्सन यांनी सुमारे एक लाख डिस्कांच्या नोंदी तपासल्या. कारखानदारांच्या छापील आकड्यांवरून वर्षाला शेकडा एकाहूनही कमी डिस्का जायला हव्या होत्या. प्रत्यक्षात दोन ते चार बदलाव्या लागणे नेहमीचे होते, काही ठिकाणी तर तेरापर्यंत. आणि मरणे स्वतंत्र नव्हते. एका पाठोपाठ दुसरी जाण्याचा संभव साध्या गणितापेक्षा जास्त दिसला. एकाच खोलीतली उष्णता, एकच वीज, तीच खरेदीची तारीख. वेगळे काय होणार? २०१९ साली तर एका मोठ्या कंपनीला जाहीर करावे लागले की, तिच्या काही घनस्मृती डिस्का आतल्या आज्ञावलीतील दोषामुळे ३२,७६८ तास चालल्या की बंद पडतील. म्हणजे तीन वर्षे, दोनशे सत्तर दिवस आणि आठ तास. एकाच दिवशी चालू केलेल्या सहा डिस्का एकाच घटकेला मरणार. अशा वेळी जामीन एक असो की दोन, सारखेच.

शिवाय डिस्का मुळीच मेल्या नाहीत तरी काय? कोणी चुकून फाइल पुसली, तर कार्ड ती आज्ञा सहाही डिस्कांवर तितक्याच इमानाने पाळते. रेड म्हणजे दुसरी प्रत नव्हे. डिस्क मेल्यावरही काम चालू राहावे, एवढेच ते पाहते.

त्या ग्रंथालयात आता सहावा प्रकार आहे, गस्त दर आठवड्याला चालते, आणि पेटीवरच्या चिठ्ठ्या शून्यापासून सुरू होतात. रोज रात्री सगळ्याची एक प्रत दुसऱ्या इमारतीतल्या संगणकावर जाते आणि महिन्यातून एकदा एक प्रत एसटीने शेजारच्या गावी कार्यवाहांच्या कपाटात. ग्रंथपालबाईंनी स्वतः एक नियम घातला आहे: दरमहा वर्ष आणि महिना लिहिलेली एक चिठ्ठी काढायची आणि त्या महिन्याचा एक अंक कपाटातल्या प्रतीवरून उघडून दाखवायचा. गेल्या खेपेस मी तिथे होतो. चिठ्ठी एका दिवाळी अंकाची निघाली. उघडायला चार मिनिटे लागली. मुखपृष्ठावरचे वाळवीचे भोकसुद्धा जसेच्या तसे होते.