न्यायालयाच्या दारावरील फलक



ज्या गुरुवर्यांच्या स्मृतीप्रीत्यर्थ हे व्याख्यान योजले आहे, त्यांना प्रथम वंदन करतो. न्यायसेवा म्हटली की न्यायाधीश आणि वकील डोळ्यांपुढे येतात. त्याच सेवेतील एका नव्या पेशाविषयी, न्यायालयाच्या संकेतस्थळाचा कारभार पाहणाऱ्या व्यवस्थापकाविषयी, मी आज चार शब्द बोलणार आहे.

आपले बिर्लानगर जियाजीराव कापड गिरणीच्या आधाराने वाढले. गिरणी बंद पडली आणि कामगारांच्या थकलेल्या देण्यांचे प्रश्न न्यायालयात गेले. पूर्वी पुढची तारीख कळण्यासाठीसुद्धा पक्षकाराला कचेरीत खेटे घालावे लागत आणि त्या दिवसाचा रोज बुडे. संकेतस्थळाचे मोल या वाचलेल्या रोजावरून करावे, असे मला वाटते.

सर्वोच्च न्यायालयाच्या ई-समितीने २००५ साली संगणकीकरणाचा राष्ट्रीय आराखडा मांडला. पुढे ई-कोर्ट्स प्रकल्पाच्या पहिल्या टप्प्यात १४,२४९ न्यायालये संगणकीकरणासाठी हाती घेतली गेली. खटल्यांची नोंद ठेवणारी प्रणाली राष्ट्रीय सूचना-विज्ञान केंद्राच्या पुणे येथील शाखेत घडली, ही आपणा मराठी भाषकांना विशेष समाधानाची गोष्ट होय. २०२३ साली तिसऱ्या टप्प्यासाठी ७,२१० कोटी रुपये मंजूर झाले.

परंतु पैसा आणि यंत्रे यांनी काम पुरे होत नाही. याच ग्वाल्हेरात ‘शिंदे’ हे आडनाव इंग्रजी कागदोपत्री ‘सिंधिया’ झाले. एका नावाची अशी दोन रूपे असली, तर नावावरून शोधणाऱ्या पक्षकाराला स्वतःचाच खटला सापडत नाही. म्हणून प्रत्येक खटल्याला सोळा अक्षर-अंकांचा सीएनआर क्रमांक मिळतो. त्यात राज्य, जिल्हा आणि न्यायालय यांच्या खुणांसाठी प्रत्येकी दोन स्थाने, नोंदीच्या अनुक्रमासाठी सहा आणि वर्षासाठी चार स्थाने असतात. असा क्रमांक ठाऊक नसलेल्या अल्पशिक्षित माणसालाही वाट सापडावी, याची काळजी वाहणे हे व्यवस्थापकाचे खरे काम आहे.

त्याचे दुसरे कर्तव्य याहून कठीण आहे. न्याय उघडपणे चालावा, म्हणून निकाल लोकांना वाचता आले पाहिजेत. त्याच वेळी बलात्कारपीडितेची ओळख प्रकट करण्यास कायद्याने मनाई आहे. १९८३ साली दंडसंहितेत आलेले हे बंधन भारतीय न्याय संहितेच्या ७२व्या कलमातही कायम आहे. फलकावरचा कागद काढून घेता येतो. संकेतस्थळावरून क्षणात पसरलेले नाव परत घेता येत नाही. तेव्हा काय दाखवावे याइतकाच काय झाकावे हा विवेकही त्याला हवा.

विद्यार्थी मित्रहो, तुमच्यापैकी कोणी या सेवेत गेलात, तर निकालपत्राखाली तुमची स्वाक्षरी असणार नाही. मात्र एखाद्या कामगाराला घरबसल्या अचूक तारीख कळेल आणि त्याची खेप वाचेल. तेवढ्यापुरते तुम्ही न्याय त्याच्या दारापर्यंत नेलेला असेल.