सेवा करणाऱ्यांचा शीण

(भीमपूर येथील भाषणाचा मजकूर)



आपला हा सीमाभाग. पैनगंगेपलीकडे महाराष्ट्र, अलीकडे तेलंगण. मराठी, तेलुगू व गोंडी येथे शेजारी नांदतात. गर्भवतीची नोंद, बालकांचे लसीकरण, तापाच्या रुग्णाचा रक्तनमुना, क्षयरोग्याच्या गोळ्या ही सारी कामे आरोग्यसेविका व आशा कार्यकर्ती करतात. दिवसा वाडीवस्तीवर फिरणे, सायंकाळी नोंदवह्या भरणे आणि रात्री बाळंतिणीकडून बोलावणे आले की पुन्हा निघणे, असा त्यांचा क्रम असतो.

अशा अविश्रांत सेवेतून प्रथम शक्ती संपते. मग रुग्णाचे दुःख ही केवळ एक नोंद वाटू लागते. अखेर 'माझ्या हातून काही होत नाही' अशी भावना बळावते. मोफत दवाखान्यातील सेवकांच्या या अवस्थेचे वर्णन १९७४ साली अमेरिकेत मानसशास्त्रज्ञ हर्बर्ट फ्रॉइडनबर्गर यांनी केले. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली स्पष्ट केले, की ही व्याधी नव्हे. कामाचा दीर्घकाळचा ताण न आवरल्याने उद्भवणारी ती अवस्था होय. म्हणून तिचे कारण सेविकेच्या मनोबलात नव्हे, तर कामाच्या मांडणीत शोधले पाहिजे.

आदिवासी व डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र, असा शासकीय निकष आहे. परंतु माणसे मोजली, तरी दोन वस्त्यांमधील वाट मोजली जात नाही. एक पद रिक्त राहिले, की शेजारच्या सेविकेचा भार वाढतो. आशा योजना २००५ साली सुरू झाली. २०२२ साली जागतिक आरोग्य संघटनेने आशांचा गौरव केला. हा गौरव रास्तच आहे. तथापि हारतुऱ्यांनी शीण जात नाही.

अधिकाऱ्यांनी रिक्त पदे भरावीत, मोबदला वेळेवर द्यावा, एकच माहिती दोनदा मागू नये आणि रजेच्या दिवशी बदली व्यक्ती नेमावी. शिक्षकांनी लसीकरणाचा निरोप विद्यार्थ्यांमार्फत घरोघरी पोहोचवावा. ग्रामस्थांनी दिवसा होणारे काम रात्रीवर ढकलू नये, रात्री बोलावल्यास सोबतीला माणूस पाठवावा आणि औषध संपल्याचा राग सेविकेवर काढू नये.

जी आपल्या घरच्या आजाऱ्याची विचारपूस करते, तिची विचारपूस कोण करतो? हा प्रश्न प्रत्येकाने आज घरी नेला, तरी या सभेचे सार्थक झाले असे मी समजेन.