एका सत्त्वशील गृहस्थाचे पुण्यस्मरण
(संघाच्या वार्षिक मेळाव्यात केलेले भाषण)



गेल्या मार्गशीर्षात पाथर्डीच्या आपल्या तात्यांनी इहलोकीची यात्रा संपविली. त्यांनी कधी सभेचे अध्यक्षस्थान भूषविले नाही, की देणगीदारांच्या फलकावर आपले नाव येऊ दिले नाही. दुसऱ्यांची नावे कोरण्यात मात्र त्यांची हयात गेली. भांड्यावर नाव घालावे ते तात्यांनीच, अशी पंचक्रोशीत त्यांची ख्याती होती.

लेकीच्या लग्नाचा हंडा घ्यावयास बाप येई. देणाऱ्याचे नाव आणि मिती घालून झाली, की तात्या हळूच विचारीत, “आणि मुलीचे?” मग तिचेही नाव तितक्याच ठसठशीत अक्षरांत उमटे. त्याची मजुरी ते घेत नसत. १९५७ साली आणे-पै जाऊन नवे पैसे आले आणि पुढे शेराच्या जागी किलो आला. तात्या तेव्हा विशीत होते. गिऱ्हाइकाच्या चिठ्ठीवर ते दोन्ही हिशेब मांडीत आणि त्याला समजेपर्यंत त्याचे पैसे गल्ल्यात टाकीत नसत.

परंतु त्यांची खरी कसोटी लागली ती १९७२च्या दुष्काळात. अहमदनगर, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात विहिरी कोरड्या पडल्या. माणसे खडी फोडावयास गेली, मिलोच्या भाकरीवर राहिली. घरातील किडूकमिडूक गेल्यावर हंडे, घागरी, पराती मोडीसाठी दुकानी येऊ लागल्या. आपल्या धंद्यात मोड घेण्यात काही गैर नाही. तात्यांनीही भावाप्रमाणे पैसे मोजले. मात्र एकही भांडे भट्टीत घातले नाही. वहीत नाव आणि रक्कम टिपून त्यांनी ते माळ्यावर ठेवले. पुढे धातूचे भाव चढले, तरी जो परत आला त्याचे भांडे त्यांनी दिलेल्याच रकमेला परत केले. व्याजाचा शब्द काढला नाही.

हे औदार्य फुकटचे नव्हते, हे सांगणे आम्हांस अगत्याचे वाटते. भांडवल माळ्यावर अडकले आणि घरी थोरल्या कन्येचे कार्य निघाले. चार हितचिंतकांनी माळा रिकामा करण्याचा सल्ला दिला. तेव्हा काकूंनी हातातील पाटल्या काढून पुढे ठेवल्या. दुसऱ्यांच्या लेकींच्या नावाची भांडी मोडून आपल्या लेकीची पाठवणी नको, एवढेच त्या बोलल्या. तात्यांच्या पुण्याईत निम्मा वाटा त्या माउलीचा आहे.

पुढे दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला जाणारी कुटुंबेही आपली भांडी विश्वासाने त्यांच्याकडे ठेवून जात आणि पाडव्याच्या सुमारास परतल्यावर घेऊन जात. तात्या हट्टीही होते. स्टेनलेस स्टीलला त्यांनी कित्येक वर्षे दुकानाची पायरी चढू दिली नाही. मुलांच्या संसाराचा विचार करून अखेरीस ते नमले. रात्री मात्र नातवंडांना मांडीवर घेऊन, पितळेत तांबे किती नि जस्त किती, कल्हईला कथील नि नवसागर कशासाठी, हे ते गोष्टीसारखे रंगवून सांगत.

आता आम्ही मूळ मुद्द्यावर येतो. त्या माळ्यावर अजून अकरा भांडी आहेत. ती नेण्यास कोणी आले नाही. तात्यांच्या मुलांनी ती वहीसह संघाच्या स्वाधीन केली आहेत. ती वितळवून कालिकामातेच्या मंदिरास तात्यांच्या नावे घंटा करावी, अशी सूचना पुढे आली आहे. सूचना करणाऱ्यांच्या भक्तीविषयी आम्हांस आदरच आहे. तरीही आम्ही नम्रपणे विचारतो, पन्नासांहून अधिक वर्षे ज्यांनी जे मोडले नाही, ते त्यांच्याच नावाने आपण कसे मोडावे?

आमची विनंती एवढीच, की त्या अकरा नावांच्या वारसांचा शोध घ्यावा. ती माणसे आपल्या समाजाची नाहीत, म्हणून हे काम आपले नाही असे कोणी म्हणू नये. तात्यांनी तो भेद कधी केला नाही. पाथर्डी आणि आसपासच्या गावी राहणाऱ्या आपल्या कुटुंबांनी संघाच्या कचेरीत येऊन ती वही पाहावी, नावे ओळखावीत आणि ज्याचे त्याला पोहोचवावे. पैसे मागू नयेत. तात्यांचे देणे आपण एवढ्यानेच थोडेफार फेडू शकू.

परमेश्वर त्यांच्या आत्म्यास सद्गती देवो.