साखर कारखान्यातील माहिती आणि व्यवस्थापकाचा निर्णय

(निंबर्गा, ता. आळंद येथे सहकारी संस्थांचे पदाधिकारी, शिक्षक व ग्रामस्थ यांच्यासमोर केलेले भाषण)



माहितीव्यवस्था म्हटले की डोळ्यांसमोर संगणक उभा राहतो. परंतु कोणता निर्णय, कोणी व केव्हा घ्यावयाचा हे ठरल्यावाचून गोळा केलेल्या माहितीने केवळ दप्तर वाढते.

आपल्या तालुक्यात ऊस होतो, भूसनूरला कारखानाही आहे. म्हणून उदाहरण साखर कारखान्याचेच घेतो. लागणीच्या वेळी शेतकी खात्याचे कर्मचारी क्षेत्र, उसाची जात व लागणीची तारीख नोंदवितात. त्यावरून तोडणीचा क्रम लागतो. तोडलेला ऊस पडून राहिल्यास वजन व साखर दोन्ही घटतात. गव्हाणीत ऊस वेळेवर न आल्यास गाळप थांबते. म्हणून उद्या किती टोळ्या व गाड्या कोणत्या गावी धाडावयाच्या, हे शेतकी अधिकाऱ्याला आजच्या वजनकाट्याचे आकडे व उभ्या उसाचा अंदाज पाहून ठरवावे लागते. कार्यकारी संचालकास प्रत्येक पावती नको असते. दिवसाचे गाळप, उतारा व कारखाना बंद राहिल्याचे तास त्याला पुरेत. संचालक मंडळास हंगामाचे चित्र हवे. एकाच पावतीचे हे तीन उपयोग होत.

कोल्हापूर जिल्ह्यातील वारणानगर येथे १९९८ साली शासनाच्या साहाय्याने परिसरातील सुमारे ७० गावे संगणकांनी जोडण्याची योजना हाती घेण्यात आली. शेतीसल्ला, बाजारभाव, शिक्षण असे पुष्कळ उद्देश होते. प्रत्यक्षात गावकेंद्रांचा उपयोग मुख्यतः उसाचे वजन, खताची उचल व हिशोब यांसाठी होत असल्याचे आढळले. पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या अभ्यासकांनी सात गावांत हीच माहिती मोबाइल फोनवरील लघुसंदेशाने देऊन पाहिली. ती रीत स्वस्त व सोयीची ठरली. काहीजण याला योजनेचे अपयश म्हणतील. मला तसे वाटत नाही. आपणास कोणती माहिती हवी, हे शेतकऱ्यांनी वापरातून सांगितले.

धोका निराळाच आहे. दोन एकरांच्या उत्पादकाची लागण चुकीच्या तारखेने नोंदली गेली, तर त्याची पाळी मागे पडते, उसाला तुरा येतो, आणि यंत्र ती चूक निमूटपणे पुढे नेते. यास्तव नोंद उत्पादकास वाचून दाखवावी व क्रमपत्रक गावात लावावे. आपल्या सीमाभागात कन्नड व मराठी दोन्ही चालतात; मजकूर ज्याला वाचता येत नाही, तो तपासणार कसा? येथे शिक्षकांचे साहाय्य मोलाचे ठरेल.

केंद्र शासनाने जून २०२२ मध्ये देशातील सुमारे ६३,००० प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या संगणकीकरणास मान्यता दिली. संस्थेत यंत्र आले की सचिवांनी प्रथम एकच काम त्याच्याकडून करून घ्यावे. गतवर्षी तुरीच्या पेरणीपूर्वी कोणते खत किती खपले, हा आकडा मे महिन्यातील सभेपुढे ठेवावा आणि त्याच सभेत यंदाची मागणी ठरवून ती वर पाठवावी.