शिक्षकांची संघटना आणि शिक्षकांचे उत्तरदायित्व
(वार्षिक मेळाव्यातील भाषण)



आपल्या समाजातील अनेक घरांत पहिला मासिक पगार आला तो शिक्षकाचा किंवा कारकुनाचा. आम्ही त्यातले कारकून, बँकेतले. संघटनेचे बळ काय असते हे आम्हांला कुणी सांगावे लागत नाही. 1946 साली बँक कर्मचाऱ्यांची अखिल भारतीय संघटना स्थापन झाली, 1966 साली पहिला द्विपक्षीय करार झाला आणि आमचा पगार मालकाच्या मर्जीवर राहिला नाही.

शिक्षकांचेही तसेच. खासगी शाळेचा संस्थाचालक रागावला तर शिक्षक घरी बसत असे. 1977 च्या कायद्याने त्याला शाळा न्यायाधिकरणाकडे दाद मागता येऊ लागली. पण कायदा कागदावर असतो. तो बजावून घ्यायला पाठीशी माणसे लागतात. म्हणून ज्यांना संघटनाच नको आहेत, त्यांच्याशी आम्ही सहमत नाही.

तरीही आमच्या परिचयातील शिक्षक खासगीत जे बोलतात, ते येथे उघड बोलले पाहिजे. ते म्हणतात, "अन्यायाने झालेल्या बदलीविरुद्ध संघटना धावून आली की अभिमान वाटतो. पण वर्गावरच न जाणाऱ्याची नोटीस रद्द करा म्हणून तीच संघटना साहेबांकडे गेली, की मान खाली जाते." वर्गणी दोघांची सारखीच; पण प्रामाणिक शिक्षकाच्या वर्गणीवर कामचुकाराला संरक्षण मिळते, ही त्यांची खंत आहे.

बँकेत काम रेंगाळले तर रांगेतला खातेदार तिथेच आवाज चढवतो. 1995 पासून त्याला बँकिंग लोकपालाकडेही जाता येऊ लागले. खात्यात चुकीची नोंद झाली तर ती उलटी करता येते. तिसरीतल्या मुलाचे वाया गेलेले वर्ष कोणत्या नोंदीने परत करणार? ते मूल तक्रार करीत नाही. त्याची आई धुणीभांड्याला गेलेली असते. ज्याला परवडते तो आपले मूल दुसऱ्या शाळेत नेतो. जिल्हा परिषदेच्या आणि नगरपालिकेच्या शाळेत उरतात ती आपलीच मुले.

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम 24 मध्ये शिक्षकाची कर्तव्ये लिहिली आहेत: वेळेवर व नियमित हजर राहणे, अभ्यासक्रम मुदतीत पुरा करणे, पालकांना भेटून मुलाची प्रगती सांगणे. त्याच कायद्याचे कलम 27 सांगते की जनगणना, आपत्ती निवारण आणि निवडणूक यांखेरीज अशैक्षणिक काम शिक्षकाला देऊ नये. सरकार कलम 27 विसरते, तेव्हा संघटना मोर्चा काढते आणि ते योग्यच आहे. शिक्षकाला सतराशे साठ तक्ते भरायला लावून वर निकाल विचारणे हा अन्यायच आहे. पण कलम 24 ची आठवणही संघटनेनेच आपल्या सभासदाला द्यावी. साहेबाने दिली तर ती शिक्षा ठरते. सहकाऱ्याने दिली तर ती शिस्त ठरते.

बंधू-भगिनींनो, 7 नोव्हेंबर ही तारीख ध्यानात ठेवा. 1900 साली याच दिवशी बाबासाहेबांचे नाव साताऱ्याच्या शाळेत दाखल झाले. 2017 पासून महाराष्ट्रात हा विद्यार्थी दिन आहे. आणि 1938 साली याच तारखेला, कामगारांच्या संपाच्या हक्कावर बंधने घालणाऱ्या विधेयकाविरुद्ध, बाबासाहेबांच्या स्वतंत्र मजूर पक्षाने इतर कामगार पुढाऱ्यांसह मुंबईत संप घडवला. विद्यार्थ्याचा आणि कामगाराचा दिवस एकच आहे. त्यातला अर्धा पाळून अर्धा सोडता येणार नाही.

शिक्षक बांधवांना आमची एकच विनंती आहे. संघटनेच्या पुढच्या सभेत पगार आणि पेन्शन यांबरोबर एक विषय कार्यक्रमपत्रिकेवर घ्या: आपल्या तालुक्यातील चौथीच्या किती मुलांना सलग वाचता येत नाही, आणि त्यासाठी आपण काय करणार? ज्या संघटनेच्या सभेत हा प्रश्न विचारला जाईल, तिच्या मोर्चात पालकही चालतील. आम्हीही येऊ.

जय भीम!